बॅच एकशे सात

ब्रॅडफर्डच्या कॉलेजनं पाच धडे मागितले,
एका स्लाइडवर मावतील असे.
तीन लिहिले: भाव, पैसा, माणसं.
मग चहा गार झाला.

माझी ही चौथी कंपनी,
किथलीच्या जुन्या लोकरगिरणीत, तळमजल्यावर.
पहिली स्लाऊला बुडाली, मोबाइलच्या कव्हरांत.
दुसरी विकली. बरी विकली.
तिच्यातल्या सात जणांना त्याच महिन्यात नोटीस गेली,
हे मला पुढच्या ख्रिसमसला कळलं.
तिसरीबद्दल माझा भाऊसुद्धा विचारत नाही.

म्हणून चौथी सचोटीची.
सेल्बीकडच्या शेतांतली वाकडी गाजरं,
सुपरमार्केटनं नाकारलेले गाठाळ बीट,
पूर्ण भावानं घ्यायचे, आठवड्यात पैसे चुकते.
पगार कायद्यापेक्षा तासाला सव्वा पौंड जास्त.
भिंतीवर फ्रेम, मोठ्या अक्षरांत:
इथे कोणीही काहीही बोलू शकतं.
खिळा मीच ठोकला. फ्रेम जरा तिरकी बसली.

एकशे सातव्या बॅचला गाजराच्या लोणच्यात तीळ पडले.
चुकून नव्हे. मीच म्हटलं होतं, चव खुलेल.
लेबलं मात्र जुनीच चिकटली.
अकराशे चाळीस बाटल्या,
आणि तिळानं ज्यांचा घसा मिटतो
त्यांच्यासाठी एक अक्षर नाही.

टेस्फालेमनं पाहिलं सोमवारी.
सांगितलं गुरुवारी, जिन्यात, टोपी हातात धरून.

क्लाइव्ह माझा हिशेबनीस. म्हणाला,
कोणाची तक्रार आहे का?
दोन आठवडे थांब, माल आपोआप संपेल.
मी एक रात्र थांबले.
ती रात्र हिशेबात कुठे धरायची
ते अजून ठरलेलं नाही.

सकाळी कौन्सिलला फोन केला, व्हॅन काढली.
स्किप्टन, इल्कली, ऑटली.
दुकानदार बाटल्या मोजून देत होते,
कोणी हळहळत, कोणी कपाळाला आठ्या घालून.
मिसेस हेस्केथनं गिऱ्हाइकांची नावं आठवून आठवून
घरोघर फोन लावले.
एक बाटली शाळेच्या जत्रेत बक्षीस गेली होती,
ती एका म्हाताऱ्याच्या खिडकीत सापडली, न उघडलेली.
रंग छान आहे म्हणून ठेवली, म्हणाला. परत देताना कुरकुरला.
अकराशे अडतीस मिळाल्या.
कोणी आजारी पडल्याचं कानावर आलं नाही.
दोन बाटल्यांचं काय झालं, मला माहीत नाही.

सगळं ओतून दिल्यावर त्याला विचारलं,
तीन दिवस का रे?
तो पिंपं विसळत होता. म्हणाला,
आधीच्या कारखान्यात मी बोललो होतो
फ्रीजच्या तापमानाबद्दल.
दुसऱ्या दिवसापासून माझी पाळीच लागली नाही.
तिथे पाटी नव्हती का?
होती की, म्हणाला. अशीच.

मी लोणचं विकते. मला ठाऊक आहे,
फोड मुरायला दिवस जातात.
त्याची भीती मात्र माझ्याकडे आली
तीच मुरलेली, दुसऱ्याच कोणाच्या मिठात,
आणि मी वर पाटी लावून
बरणीला फडकं बांधलं होतं.

आणि ते सात जण, दुसऱ्या कंपनीतले.
त्यांच्यातलं कोणी आज कुठल्या जिन्यात
टोपी हातात धरून उभं असेल?

फ्रेम काढली. तिच्या जागी काही लावलं नाही.
गुरुवारी चहाच्या वेळी आधी मी सांगते
आठवड्यात माझं काय चुकलं ते.
पहिल्यांदा सगळे कपात बघत बसले.
दुसऱ्यांदाही.

कॉलेजला चौथा धडा पाठवला: लेबल तपासा.
पाचवा पाठवला नाही.

खिळा आहे तिथेच. टेस्फालेम त्यावर टोपी अडकवतो.
गेल्या मंगळवारी सगळ्यांदेखत म्हणाला,
बीट नीट धुतले जात नाहीत, माती राहते.
ऑर्डर निघायला दोन तास होते.
मला राग आला. चांगलाच आला.
मग बाह्या सरसावून
आम्ही बीट पुन्हा धुतले.